सीटी स्कॅनमध्ये कवटी पाहून आजीचे वय सिद्ध करता येते का?

आजीच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९६८ ही जन्मतारीख पडल्यामुळे श्रावणबाळ योजनेची ६५ वर्षांची अट कागदोपत्री पूर्ण होत नाही, तेव्हा तिला दारव्ह्याहून यवतमाळला नेऊन डोक्याचे सीटी स्कॅन काढले तर खरे वय सिद्ध होईल का, असे तुम्ही विचारले आहे. विदर्भातील ग्रामीण भागात मी अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले आहे, आणि माझी कळकळीची विनंती आहे की केवळ यासाठी आजीचे स्कॅन काढू नका.

लहान वयात हाडे बऱ्यापैकी खरे सांगतात: बाळाची टाळू साधारण दीड-दोन वर्षांत भरते आणि कवटीच्या तळाचा एक सांधा किशोरवयात जुळतो. त्यानंतर पाहण्यासारख्या उरतात त्या मुख्यतः माथ्यावरची हाडे जोडणाऱ्या दातेरी शिवणी, ज्या वाढत्या वयात आधी आतून आणि मग बाहेरून बुजत जातात, आणि सीटी स्कॅनमध्ये या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. १९८५ मध्ये मेइंडल आणि लव्हजॉय यांनी कवटीवरील १० ठिकाणी शिवण किती बुजली आहे याला ० ते ३ गुण देऊन वयाचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. परंतु एकाच गुणसंख्येची माणसे वयाने दोन-तीन दशकांनीही वेगळी निघतात. बैलबंडीवरून पडलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कवटीत मला या शिवणी ठिकठिकाणी उघड्या दिसल्या होत्या, आणि त्यांना घेऊन आलेला थोरला मुलगाच पन्नाशीचा होता. जबड्यावरही विसंबता येत नाही, कारण दात पडले की तिथले हाड झिजते, आणि आपल्याकडे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी दात चाळिशीतही जातात. आजीचे वय कार्डाप्रमाणे ५८ की खरे ७० हा तुमचा प्रश्न दोन-तीन दशकांच्या या फरकातच बुडून जातो.

तुम्ही ओघात लिहिलेली एक गोष्ट मला स्कॅनपेक्षा कितीतरी मोलाची वाटते: १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेच्या सोहळ्याला पणजी आजीला कडेवर घेऊन गेली होती. ही आठवण खरी असेल तर १९६८ हे जन्मवर्ष असूच शकत नाही. ती आठवण कार्यालयात पुरावा म्हणून चालणार नाही, पण नोंद कुठल्या वर्षांत शोधायची ते तिच्यामुळे कळते. आपल्या भागात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात. तिथे बहुधा बाळाचे नाव नसते, फक्त वडिलांचे नाव आणि मुलगी झाल्याची तारीख असते, म्हणून सासरच्या नावाने शोधणारे रिकाम्या हाती परततात. तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करताना आजीच्या वडिलांचे नाव, तिच्या माहेरचे गाव आणि १९५४ ते १९५६ ही वर्षे लिहा. आजी थोडेफार शिकली असेल तर माहेरच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरही त्याच फेरीत पाहून घ्या.