गुडघा पुण्यात बदलायचा, तर शेजारची कॉटही बघा

कॅनडातल्या एका ताईंच्या मिस्टरांचा गुडघा पार झिजलाय. तिकडे नंबर लागायला वर्ष जाईल. त्या लिहितात: "दिवाळीत तीन आठवडे पुण्याला जाऊन ऑपरेशन उरकून घ्यावं म्हणतो. दिरांची मोठ्या हॉस्पिटलात ओळख आहे, ते लगेच तारीख मिळवून देतील. जातोच आहोत तर मुलीच्या दातांच्या ताराही लावून घेऊ. सासूबाईंना आधी सांगावं का? आणि यात कुणाचं नुकसान तर नाही ना? पैसे तर आपण रोख मोजतो."

ताई, बर्फात दुखरा गुडघा ओढत कामावर जाणारा नवरा मीही पाहिलाय. कॅनडानेच गुडघ्यासाठी २६ आठवड्यांची मुदत ठरवलीय, आणि ती कित्येकांच्या बाबतीत उलटून जाते. मायदेशी धाव घ्यावीशी वाटणारच. पण तुमचं ते शेवटचं वाक्य मला सोडवत नाही.

रोख मोजता, मान्य. पण ते स्वस्त कशामुळे पडतं? तिथले कितीतरी सर्जन सरकारी मेडिकल कॉलेजात, लोकांच्या करातून शिकले. त्यांचा हात बसला तो ससूनसारख्या ठिकाणच्या गरीब पेशंटांवर. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, ती भारतातल्या माणसाला परवडावं म्हणून. त्या सगळ्याचा लाभ आपण डॉलर घेऊन जातो आणि उचलतो.

माझी आत्या सातारा जिल्ह्यातली. २०१९च्या पावसाळ्यात गोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरची जागा रिकामी होती. आधीचे डॉक्टर पुण्याला खाजगीत गेले होते. नऊ दिवस ती पायाला वजन बांधून पडून होती. एक्स-रे साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून चुलतभाऊ दारोदार फिरत होता. त्याच डिसेंबरात मी यांचा गुडघा पुण्यात करून घेतला. परदेशातून आलेल्यांसाठी वेगळं काउंटर होतं, दुपारपर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या. ड्रेसिंग करणारी सिस्टर गप्पांत म्हणाली, "आधी सरकारी दवाखान्यात कंत्राटावर होते. इथे पगार वेळेवर होतो." तिचं काही चुकलं नाही, डॉक्टरांचंही नाही. ते दोघं फक्त आपल्यासाठी गेले असंही मी म्हणत नाही, पुण्या-मुंबईतले पैसेवाले आहेतच. पण ज्या पैशाकडे ते ओढले गेले, त्यात माझाही पैसा होता, आणि आत्याच्या डोळ्याला डोळा देताना मला ते जाणवलं.

परदेशी रुग्णांवरचे उपचार निर्यात समजून त्यांना सवलती द्याव्यात, असं २००२च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच होतं. आता 'हील इन इंडिया' म्हणून जोरात बोलावणं चालू आहे. मात्र २०१७च्या धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ म्हटलं होतं, ते झालेलं नाही. पाहुण्यांचा पैसा आपसूक तालुक्याच्या दवाखान्यात झिरपत नाही, हो.

म्हणून जा, जरूर जा, पण दिरांची ओळख लावू नका. त्या ओळखीने कुणाची तरी तारीख पुढे ढकलली जाते. आणि धर्मादाय हॉस्पिटल निवडा. महाराष्ट्रात अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्णांच्या निधीत जातात. म्हणजे तुमच्या बिलातलेही. अ‍ॅडमिशनच्या दिवशी तिथल्या समाजसेवकांना भेटा, राखीव खाटांवर आज कोण आहे ते विचारा. आणि सासरी कामाला येणाऱ्या मावशींना ही योजना माहीत आहे का, तेही विचारा. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना माहीत नव्हती. त्यांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन यातूनच झालं. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागला. मी फक्त फॉर्म भरायला शेजारी बसले.

बाकीचं थोडक्यात. तीन आठवडे अगदीच अपुरे आहेत. व्यायाम तिथेच सुरू व्हायला हवा, आणि लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, तेव्हा परतीची तारीख सर्जनना विचारूनच ठरवा. तारा कॅनडातच लावा. त्या दर महिना-दीड महिन्याला आवळाव्या लागतात. आणि सासूबाईंना आजच फोन करा. मुलाच्या ऑपरेशनचं त्यांना शेजारणीकडून कळलं, तर तुमची दिवाळी त्यातच जाईल.