आईवडील परदेशात मदतकार्यात असले की मुलं धड कुठलीच राहत नाहीत का?

ताई, तुमच्या मिस्टरांना केनियात निर्वासितांच्या कामावर पोस्टिंग मिळालीय आणि पोरं इकडची ना तिकडची होतील अशी भीती वाटतेय, असं लिहिलंय तुम्ही. मी त्यातलंच एक पोर, म्हणून लिहितोय. (मुलगीच आहे, आमच्या बेळगावात बायकापण जातो-आलो म्हणतात, नैरोबीत पुण्याची पोरं ह्यावरनं लई हसायची.)

बाबा जुबाला, म्हणजे दक्षिण सुदानच्या राजधानीत, पाण्याच्या कामावर होते, तो 2011 ला नवा देश झाला तेव्हापासून. तिथं फॅमिली न्यायची परवानगी नाही म्हणून आई आणि मी नैरोबीत, बाबा सहा-आठ आठवड्यांनी यायचे, आठवडाभर राहायचे की चालले. बाबांसोबत राहायचं म्हणून गेलो आणि बाबाच पाहुणे. तेव्हा फॅमिलीला नक्की कुठं ठेवणार हे आधी विचारून घ्या.

भाषेचं टेन्शन सोडा. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश हे टिळकवाडीतल्या पोरांचं रोजचंच की, त्यात स्वाहिली एक वाढली. तिकडं दुकानाला डुका, गाडीला गारी, चपाती तर चपातीच. फक्त कुणाला लागलं-खुपलं की "पोले" म्हणतात, चूक आपली नसली तरी. सुट्टीत आजीला उंबऱ्याची ठेच लागली, मी पोले पोले करत धावलो, तर ती पाय धरून म्हणते, "सण नाही वार नाही, आता पोळी कुठनं आणू गं?"

1950 च्या दशकात रूथ युसीम नावाच्या बाईंनी भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा पोरांना थर्ड कल्चर किड्स म्हटलं, म्हणजे धड आईबापांच्या देशाची नाहीत, धड राहत्या देशाची नाहीत, मधल्याच तिसऱ्या संस्कृतीची पोरं. त्या हिशोबानं 1956 पासून आख्खा सीमाभागच थर्ड कल्चर, असो.

दुखतं ते वेगळंच. तिथं सगळ्यांच्याच आईबापांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्ष-दोन वर्षांत बेंचवरची मैत्रीण गायब, तिसरीशी तर मी नीट बोललोच नाही, कशाला बोलायचं. म्हणून न्यायचं तर बिनधास्त न्या, पण परत निघायची तारीख पोरांना आधी सांगा. मला कुणी सांगितलीच नाही. डिसेंबर 2013 ला सुट्टीला बेळगावात आलेलो, तेवढ्यात जुबात लढाई पेटली, बाबांना विमानानं बाहेर काढलं, नोकरी गेली. आज जाऊ उद्या जाऊ चाललेलं. मैत्रिणींना न्यायला घेतलेला कुंदा आईनं शेजारी देऊन टाकला तरी माझ्या डोक्यात काय येईना. जूनमध्ये इथल्या शाळेचा युनिफॉर्म शिवायला गेलो, तर आई टेलरला म्हणाली, "जरा मोठाच शिवा, तीन वर्षं चालायला पाहिजे."

तेव्हा कळलं.