कृत्रिम पाय आणि एक्सोस्केलेटनवर (चालायला मदत म्हणून अंगावर बाहेरून चढवायच्या सांगाड्यावर) संशोधन करायचंय. अमेरिकेत जाऊ की आयआयटीत?

तुम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, मोटर, सेन्सर आणि कंट्रोलवर काम करायचंय आणि कुठं जाऊ असं विचारताय. प्रवेश मिळेल तिथं जा, दोन्हीकडं चांगलं काम चालू आहे. पण तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात सॉकेट, म्हणजे कापून उरलेला पाय ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोळ, हा शब्द एकदाही आला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव केज तालुक्यात. २०११ च्या हंगामात फडातून भरून निघालेली उसाची ट्रॉली कलंडली आणि आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, उजवा पाय मांडीतून गेला. शिबिरात मिळालेला पाय कुलपाच्या गुडघ्याचा होता. चालताना गुडघा ताठ, बसायचं तर खटका ओढायचा. ताठ पाय पुढं न्यायला कंबर उचलून तो बाहेरून फेकावा लागतो. अंगणात जमतं. नांगरलेल्या काळ्या रानात चवडा ढेकळात अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो.

पाच वर्षांनी धाकटा भाऊ ज्या कॉलेजात शिकत होता तिथल्या पोरांनी मोटरचा गुडघा बनवला. भावानं आप्पांचं नाव सुचवलं. आम्हाला केवढा अभिमान! पोरं घरी आली, मायनं धपाटे केले. पण त्यांनी तो गुडघा आप्पांच्या जुन्याच सॉकेटखाली बसवला. कापलेल्या पायाचा उरलेला भाग नंतर आकसत जातो. सॉकेट आधीच ढिलं झालं होतं, आप्पा त्या उरलेल्या भागावर तीन-तीन मोजे घालून ते भरून काढायचे. त्यात मोटर आणि बॅटरीचं वजन लोंबायला लागलं. पाय उचलला की सॉकेट खाली सरकायचं, टेकला की वर यायचं, आणि त्याची कड जांघेत घासायची. कॉलेजच्या फरशीवर व्हिडिओ सुरेख आला. आप्पा तीन आठवडे गप्प राहिले, कारण "लेकरं एवढ्या लांबून येतात." मोजे मी धूत होते. रक्त मला दिसत होतं. शेवटी आप्पांनी तो पाय घालायला नकार दिला. पोरं गुडघा घेऊन गेली, प्रोजेक्टला बक्षीस मिळालं, परत कुणी आलं नाही.

धाकटा आजही म्हणतो, आप्पांनी सवयच लावून घेतली नाही. आप्पांनी अठरा हंगाम कोयता चालवला. पाचटात राबून, थंडीत कोपीत झोपून, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणाऱ्या माणसाला सवयीचं कुणी शिकवू नये.

२०१९ ला दुसऱ्या एका केंद्रात त्यांना चार दांड्यांचा गुडघा मिळाला. त्यात एकच बिजागरी नसते, त्यामुळं वळण्याचा बिंदू जागा बदलत राहतो. टाच टेकताना तो वर आणि भाराच्या रेषेच्या मागं असतो, म्हणून गुडघा दगा देत नाही. पाय पुढं येताना पायाची लांबी थोडी कमी होते, म्हणून चवडा अडकत नाही. मोटर नाही, चार्जिंग नाही. तिथल्या तंत्रज्ञानं प्लास्टरचं माप नव्यानं घेतलं, दोन दिवस घासत-बसवत राहिला. त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, संडासला कसं बसता?" कॉलेजच्या एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. आप्पा आता बांधावरून एकटे जातात.

मी विद्यापीठांच्या विरुद्ध नाही. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूर फूटवाल्या संस्थेबरोबर याच जातीचा स्वस्त गुडघा बनवला, २००९ मध्ये 'टाइम'नं त्याला वर्षातल्या उत्तम शोधांत घेतलं. आयआयटी मद्रासचा 'कदम' हा गुडघा २०२२ चा. तो १६० अंशांपर्यंत वळतो, म्हणजे एसटीत आणि रिक्षात अवघडल्या जागी बसता येतं. मूळ जयपूर फूट तर कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी या दोघांनी मिळून केला, अनवाणी चालणाऱ्या आणि उकिडवं बसणाऱ्या माणसाकडं बघून. शिकायचं तर यांच्याकडून शिका.

एक्सोस्केलेटनचं म्हणाल तर २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या मोटरच्या बुटानं चालायचा वेग सुमारे ९ टक्के वाढला आणि तेवढ्याच अंतराला शक्ती १७ टक्के कमी लागली. त्याआधी २०१५ मध्ये नुसत्या स्प्रिंग आणि क्लचच्या घोट्याच्या पट्ट्यानं ७ टक्के वाचवली होती. मला स्प्रिंगचं काम मोठं वाटतं. पण दोन्ही चाचण्या धडधाकट माणसांवर झाल्या. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईचा घोटा अजून कुणी मोजायचाय. तुम्ही मोजा.

एक राहिलं. मणक्याला इजा झालेल्याच्या किंवा लकवा मारलेल्याच्या पायात स्वतःचा जोरच नसतो. तिथं बाहेरून जोर द्यावा लागतो, त्यामुळं मोटरला मी सरसकट नावं ठेवत नाही. ती पोरंही वाईट नव्हती, एकवीस वर्षांची होती आणि त्यांना जमा करायची तारीख होती.

अर्ज भरण्याआधी पंधरा दिवस एखाद्या पाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये परवानगी काढून उभे राहा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं विचारा. आणि ज्याला पाय लावाल त्याचे मोजे रोज संध्याकाळी उलटे करून बघा. धाकट्याला मी हे दोनदा सांगितलं. तो म्हणतो, डेटात तसं काही दिसलं नव्हतं. मोजे त्यांनी मागितलेच नाहीत, ते माझ्या बादलीत होते.