विकत घेतलेलं ई-पुस्तक किंवा गाणं मित्राला पाठवलं तर तो गुन्हा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: छापील पुस्तक मित्राला वाचायला दिलं तर कुणी हरकत घेत नाही, मग पैसे मोजून घेतलेलं ई-पुस्तक किंवा गाण्याची फाइल पाठवली तर कायदा आडवा का येतो?

कारण पुस्तक दिलं की ते तुमच्या कपाटातून जातं. फाइल पाठवली की तुमची तुमच्याकडेच राहते आणि मित्राकडे दुसरी तयार होते. कॉपीराइट म्हणजे मुळात प्रती काढण्याचा हक्क, आणि तो तुम्ही विकत घेतलेला नसतो. तुम्ही घेता ती एक प्रत.

त्या एका प्रतीवर मात्र तुमचा हक्क पक्का आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीतच छापलं होतं की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकली तर तो हक्कभंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती 89 सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1908 साली दुकान जिंकलं. एकदा प्रत विकली की ती पुढे कोण कितीला विकतो, यावर प्रकाशकाचा ताबा उरत नाही. हे तत्त्व पुढे बऱ्याच देशांत रुजलं. म्हणून जुनी पुस्तकं विकता येतात, भेट देता येतात. सीडी-डीव्हीडीचंही तेच, मूळ चकती खुशाल द्या. (भाड्याने देणं मात्र वेगळं, त्याला अनेक ठिकाणी परवानगी लागते.)

'मी पाठवून माझ्याकडची फाइल पुसून टाकली तर?' हे तुमच्या मनात आलंच असेल. रीडिजी नावाच्या अमेरिकी कंपनीने नेमकं हेच करून पाहिलं. आपली विकत घेतलेली गाणी पुढे विकणाऱ्याची फाइल ती छोट्या छोट्या तुकड्यांत आपल्या सर्व्हरवर ओढून घ्यायची, आणि एकेक तुकडा तिकडे गेला की विकणाऱ्याच्या संगणकावरून तो पुसला जायचा. पूर्ण गाणं कधीच दोन ठिकाणी नसायचं. तरी 2018 साली अपील न्यायालय म्हणालं, सर्व्हरवर उमटली ती नवीच प्रत. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाच्या न्यायालयानेही वापरलेली ई-पुस्तकं ऑनलाइन विकायला हक्कधारकाची परवानगी लागते, असं सांगितलं.

मला हे मनापासून खटकतं. 'विकत घ्या' असं बटण दाबून आपण पैसे भरतो आणि हातात येतो तो बहुतेक वेळा वापरण्याचा परवाना. 2009 साली अ‍ॅमेझॉनने विकलेली काही ई-पुस्तकं वाचकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर काढून घेतली होती, कारण ती तिथे विक्रीला ठेवणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण छापील पुस्तकासाठी कुणी असं घरात शिरलं असतं का? तरीही याचा राग लेखकावर काढू नका. एक फाइल ग्रुपवर टाकली की ती किती जणांकडे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही, आणि त्यातला प्रत्येक जण त्या लेखकाचा एकेक वाचक असतो.

स्वतःच्या वापरासाठी प्रत काढण्याबाबत देशोदेशी वेगळे नियम आहेत. जर्मनीत 1960च्या दशकापासून खाजगी प्रतींना मुभा आहे आणि त्याबदल्यात रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर शुल्क घेतलं जातं. ब्रिटनने अशी सूट 2014 मध्ये दिली आणि 2015 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा आपल्या देशाचा कायदा पाहूनच ठरवा. घरी बसून मित्राबरोबर सिनेमा पाहण्यात सहसा अडचण नसते, सभागृहात दाखवायचा तर वेगळा परवाना लागतो. फाइलला प्रत काढणं रोखणारं डिजिटल कुलूप असेल तर ते तोडणं हाच अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे.

मग मित्राला द्यायचं कसं? आधी त्या सेवेच्या अटी वाचा. कुटुंबासाठी सामायिक खातं, भेट देण्याची सोय किंवा ठरावीक दिवस उसनं देण्याची सोय असते का ते पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर आधीच दिलेली वाटण्याची मुभा, असेल तर निर्मात्याचं नाव देऊन, बाकी अटी पाळून बिनधास्त पाठवा. नाहीतर वाचनयंत्रच चार दिवस हातात द्या.

माझ्याकडे एक वही आहे. कोणतं पुस्तक, कुणाकडे, कोणत्या तारखेला गेलं ते लिहितो आणि परत आलं की ओळीवर काट मारतो. ज्या पुस्तकाची नोंद त्या वहीत व्हावी असं वाटतं, ते मी आता छापीलच घेतो.