छेदाने गुणताना उलटणारे चिन्ह

प्रश्न : (क्ष + ३)/(क्ष − २) ≥ २ ही असमानता मी दोन्ही बाजूंना (क्ष − २) ने गुणून सोडवली, तेव्हा क्ष ≤ ७ असे उत्तर आले, पुस्तकात मात्र २ < क्ष ≤ ७ असे दिले आहे. माझे कुठे चुकले?

उत्तर : आपल्या उत्तरात बसणारी क्ष = ० ही किंमत घालून पाहा; डावी बाजू −१.५ येते आणि ती २ पेक्षा लहान आहे. समीकरणात छेदाने बिनदिक्कत गुणण्याची सवय इथे नडते, कारण ऋण संख्येने गुणले की असमानतेचे चिन्ह उलटते, आणि क्ष − २ धन आहे की ऋण हे आपल्याला आधी ठाऊकच नसते. म्हणून उजवीकडचे २ डावीकडे आणून एकच अपूर्णांक करावा : (७ − क्ष)/(क्ष − २) ≥ ०. आता संख्यारेषेवर २ आणि ७ येथे खुणा केल्या की तीन भाग पडतात. त्यांतून ०, ३ आणि ८ अशी एकेक संख्या घेतल्यास अपूर्णांक अनुक्रमे ऋण, धन, ऋण येतो. क्ष = ७ असताना अंश शून्य होतो, म्हणून ७ घ्यायचा; क्ष = २ असताना छेदच शून्य होतो, म्हणून २ कटाक्षाने वगळायचा (घाईत नेमके हेच विसरले जाते). गुणायचेच असेल, तर छेदाच्या वर्गाने गुणावे; क्ष = २ सोडल्यास तो नेहमी धनच असतो.