पोराचे मेसेज वाचते, पण झोप माझीच उडाली

मावशी, आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा आठवीत. दिवाळीनंतर त्याच्या मोबाइलवर नको ते व्हिडिओ सापडले. नवरा आयटीतला, त्याने वायफायला फिल्टर लावला आणि पोराच्या नकळत मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकलं. त्याचे सगळे मेसेज आता मला दिसतात. परवा कळलं, पोरगा सासूबाईंच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन बसतो. नवरा म्हणतो, अजून आवळू. मला मात्र रात्री ते मेसेज वाचताना चोरी केल्यासारखं वाटतं. काय करू?
– एक आई

अगं, वाटतं कारण ती चोरीच आहे. ते अ‍ॅप आधी काढा. त्यातून पोराचे मेसेज तुझ्याकडे येतात ते कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरून, हेही नवऱ्याला विचार. आयटीतल्या माणसाला वेगळं समजवायला नको. पण गुपचूप टाकलं तसं गुपचूप काढू नका. ज्याने टाकलं त्यानेच पोराला सांगायचं. पोरगा चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल.

फिल्टर मात्र राहू दे. बाल्कनीला आपण कबुतरांची जाळी लावतो, ती पोरगं दारातून बाहेर जाऊ नये म्हणून नसते, फिल्टरचंही तसंच. गृहपाठासाठी काही शोधताना भलतंच समोर येऊ नये, एवढं काम तो चांगलं करतो. तुमच्या राउटरमध्ये बहुधा १.१.१.३ सारखा डीएनएसचा पत्ता घातलेला असेल. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की ती इंटरनेटवर कुठे आहे ते शोधून देणारी सेवा. १.१.१.३ ही क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा फुकट आहे आणि अश्लील साइटींसोबत व्हायरसवाल्या साइटीही अडवते. म्हणजे सासूबाई व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बक्षीस लागलं’ लिंका दाबत असतील, तर त्यांनाही थोडा आधार.

पण ही सगळी व्यवस्था राउटरपुरती. आजींच्या सिमचं इंटरनेट त्या राउटरमधून जातच नाही, म्हणून हॉटस्पॉटवर सगळं मोकळं. पोराचा मोबाइल अँड्रॉइड ९ किंवा पुढचा असेल, तर त्याच्याच सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. तिथे कुटुंबांसाठीच्या डीएनएसचं नाव घातलं की वायफाय असो, सिम असो, आजीचा हॉटस्पॉट असो, फिल्टर सोबत राहतो. हे त्याला शेजारी बसवून करा. मनात आणलं तर तो मिनिटभरात बंद करेल, तेही गृहीत धरा. शिवाय डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं. इन्स्टाग्राममध्ये काय दिसतं किंवा वर्गातल्या ग्रुपवर कोणी काय टाकलं, ते त्याला कळत नाही.

सासूबाईंवर राग काढू नकोस. नातवाने ‘आजी, जरा हॉटस्पॉट’ म्हटलं, त्यांनी दिला. त्यांनाही सगळं सांगा, नाहीतर घरात एक मोबाइल कायम त्याच्या बाजूचा राहणार.

आता व्हिडिओंचं. स्टेट बोर्डाच्या मुलांना मानवी प्रजनन नीट शिकायला मिळतं ते दहावीच्या विज्ञानात. तुझा आठवीत आहे आणि प्रश्न काही दहावीपर्यंत थांबत नाहीत. बाबांनी एका रविवारी त्याच्याशी बोलावं: त्या व्हिडिओंतली शरीरं, वागणं, संमतीचा पत्ता नसणं हे खरं आयुष्य नव्हे, आणि पाहिलंस म्हणून तू वाईट मुलगा ठरत नाहीस. नवरा लाजत असेल तर तू बोल. भाषण नको, गाडीत बोललात तरी चालेल.

मला खरी काळजी दुसरीच आहे. उद्या कोणी त्याच्याकडे फोटो मागितला किंवा फोटोवरून धमकावलं, तर तो तुमच्याकडे येईल का? मोबाइल जप्त होईल या भीतीने मुलं गप्प बसतात. म्हणून आजच कबूल करा: असं काही झालं तर आरडाओरडा नाही, मोबाइल काढून घेणं नाही. चॅट पुसायचं नाही, पैसे पाठवायचे नाहीत. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०.

आणि नवऱ्याला सांग, राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदल. अनेकदा तो राउटरच्या खालच्या स्टिकरवरच छापलेला असतो, आणि ज्याला हॉटस्पॉट सुचला त्याने तो स्टिकर वाचला नसेल असं मला तरी वाटत नाही.