उद्यापासून कॉलेज, आज काय करशील?

अरे, खोली लावण्यात अख्खा रविवार घालवू नकोस. पुण्यात बहुतेक मेसवाले रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री मेस बंद ठेवतात. नव्या पोरांना हे पोटात कावळे ओरडायला लागल्यावर कळतं. तेव्हा दुपारीच विचारून रात्रीची सोय बघून ठेव.

ऊन उतरलं की कॉलेजपर्यंत चालत जाऊन ये. फाटक बंद असलं तरी रस्ता आणि बसथांबा कळतो. आज पंधरा मिनिटं लागली तर उद्याच्या गर्दीत पंचवीस धर.

कागदपत्रांचं मात्र मनावर घे. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या फाईलला लाव. महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या, शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. गावच्या बँकेतलं खातं जोडलेलं आहे का, ते बाबांना आजच विचार. पैसे अडकले की वर्षभर हेलपाटे घालणारी मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. बोनाफाईडचा, म्हणजे तू या कॉलेजात शिकतोस या दाखल्याचा, अर्जही उद्याच टाक. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, पासला तो दाखला लागतो.

आणि रूममेटला चहाला घेऊन जा. तो कधी झोपतो, झोपताना दिवा लावलेला चालतो का, हे आजच मोकळेपणाने बोलून घ्या. पुढच्या निम्म्या कुरबुरी त्यावरूनच होतात.